सात नंबरची क्रेन

कीलुंगच्या बंदरात मी सात नंबर चालवतो.
चाळीस मीटर उंच. काचेची केबिन,
पायाखालीसुद्धा काच.
चार वाजता शाळा सुटली की
जुई-यांग धक्क्याच्या भिंतीपाशी यायचा,
पिवळी टोपी काढून हलवायचा.
मी केबिनचा दिवा दोनदा मिचकावायचो.
एवढंच. मग तो घरी, मी पुढच्या कंटेनरवर.

दुसरीत गेला त्या वर्षी
तो पाच नंबरला हात करू लागला.
वाटलं, चिडवतोय.
दुसऱ्या दिवशीही पाच नंबर.
पाच नंबर तेव्हा दुरुस्तीला बंद होती,
रिकाम्या केबिनकडे बघत माझा मुलगा
अगदी मनापासून टोपी हलवत होता.
इकडे मी दिवा मिचकावतोय, मिचकावतोय.

डॉक्टर ल्याओबाई कागदावर एक गोल काढतात,
मग त्याला जरा ओढून अंड्यासारखा करतात.
डोळा लांबतोय, म्हणाल्या,
चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतंय.
मला लगेच कळलं.
ट्रक दोन हात मागे सरकलाय
आणि मी जुन्याच खुणेवर कंटेनर सोडतोय.
"किती लांबला?"
"वर्षात अर्धा मिलिमीटर."
मला हसू आलं. आमच्याकडे चार बोटांची चूक चालते.
"इथे नाही चालत," त्या म्हणाल्या.

चष्म्यानं दिसेल, पण
चष्मा डोळ्याला थांबवत नाही.
लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.
मग करायचं काय?
हळू करायचं, म्हणाल्या.
रोज रात्री एक थेंब, अगदी पातळ औषधाचा.
आणि रोज दोन तास बाहेर.

बाहेर! कीलुंगमध्ये!
जिथं मोजे तीन दिवस वाळत नाहीत.
श्यू-ल्येन म्हणाली, इथे ऊन कुठाय?
ल्याओबाईंनी खिडकीकडे बोट केलं,
राखेसारखं आभाळ, रिपरिप.
हेसुद्धा तुमच्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट आहे.

त्या रात्री आमचं भांडण झालं.
गणिताची शिकवणी सोडायची की सुलेखनाची.
मी म्हणालो, सुलेखनाची,
तिचे वडील शाई घोटत मोठे झालेले,
ती उठून भांडी घासायला गेली, घासलेलीच.
वहीतला एकेक चौकोन नखाएवढा,
त्यात सतरा रेघा बसवायच्या.
आठ वर्षांचं नाक कागदाला टेकलेलं.
मीच तर म्हणायचो, शाब्बास, हलू नकोस.

थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं.
अवजड उचलणारे हात, म्हणाली, थरथरत नाहीत.
थरथरले.
तो डोळे मिटून घ्यायचा, थेंब गालावरून कानात.
मग मी म्हणायला लागलो, डावीकडे दोरी,
उजवीकडे दोरी, सावकाश, सावकाश, सोड.
तेव्हापासून मिटत नाही.

आता मधल्या सुट्टीत चुआंगबाई वर्गाला कुलूप लावतात.
पावसाचे बूट घालून सगळी पलटण मैदानात.
शिकवणी एकच उरलीय, तीही रविवारी.
शाईची वडी श्यू-ल्येननं कपाटात ठेवलीय,
टाकली नाही.

वर्षानं पुन्हा मोजलं.
लांबलाय. पण कमी लांबलाय.
नंबर वाढला, पाऊण ऐवजी पाव.
ल्याओबाई "छान" म्हणाल्या,
तो आवाज मी ओळखतो.
वादळ बंदराला चुकवून गेलं
की आमचा मुकादम तसाच बोलतो.
पुढच्या वादळाची तारीख त्यालाही माहीत नसते.

काल चार वाजता तो भिंतीपाशी उभा होता,
चष्मा, पिवळी टोपी, हातात टोस्ट.
मी दिवा मिचकावला. दोनदा. पुन्हा दोनदा.
त्यानं हात केला नाही.
मान मागे टाकून तो
बंदरावर फिरणाऱ्या घारी मोजत होता,
ओठ हलत होते,
आणि एक घार माझ्याही वर होती, कितीतरी वर,
मला केबिनच्या छतामुळे दिसत नव्हती,
त्याचं बोट तिच्यामागे फिरत होतं म्हणून कळलं.
खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.